रविवारची खिडकी

रविवार, संध्याकाळ

सुमन गेल्यावर व्हिडिओ बघता बघता मटण सोडलं, मग दूध-दहीही. प्राण्यांच्या दयेपोटी? छे. त्या व्हीगन ग्रुपवर माझ्या ताटाच्या फोटोला कोणीतरी 'छान' म्हणतं, म्हणून. आजचा सोयाबीनचा रस्साही पुष्कळांना आवडला. मीठ कमी पडलंय, हे सांगायला मात्र घरात कोणी नाही.

मघाशी शेजारच्या जयाबेन म्हणाल्या, "काका, हवे रविवारे बारी बंद नथी करता?"

आता रविवारी खिडकी लावत नाही का, म्हणे. म्हणजे यांना ठाऊक होतं! बडोद्यात संसार थाटल्यापासून दर रविवारी सुमन स्वयंपाकघराची खिडकी लावूनच मटण शिजवायची. शेजारी वास जायला नको. आणि या बाईंनी इतकी वर्षं कधी दाखवलंसुद्धा नाही.

आत्ता नुसती मुगाची खिचडी शिजतेय. तरी उठून खिडकी लावून घेतली.