कापलेली दोन मिनिटं

रूथिन,
२४ ऑगस्ट

गेथिन,

‘प्रिय’ लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतं नाव. पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची रीत आहे. विचारली असं समज. माझी हवी असेल तर डाव्या खांद्याजवळचं हाड जुळलंय, पण शर्ट चढवताना अजून देव आठवतो. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हा कागद. मॅमच्या हाती देणार होते, तर आपली आई असूनही ती म्हणाली, “मी तुमची पोस्टमन नाही. मला दोन मुलं आहेत, त्यातलं एक खोटं बोलतंय, आणि कोणतं ते मरेपर्यंत कळलं नाही तरी मला चालेल.” एवढं बोलून तिने चहात दूध ओतलं, ते निम्मं कपाबाहेर.

तुझ्या हिशेबी हे सगळं जूनमध्ये सुरू झालं. माझ्या हिशेबी दीड वर्षापूर्वी. तुझा दोस्त डेवी बेकरीची गाडी एका हाताने हाकत, दुसऱ्या हातात फोन धरून माझ्या अंगाला घासून गेला. माझ्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात ते आलं, मी ते पोलिसांना पाठवलं, त्याचं लायसन्स गेलं. पुढच्या रविवारी मॅमच्या टेबलावर तू काटा आपटलास. “डेवीला दोन पोरं आहेत! तुला काय, डोक्यावर कोर्ट घेऊन फिरतेस. उद्या माझीही फिल्म काढ!” मी म्हटलं, “काढीन की. नीट चालवशील तर गरज पडणार नाही.” तू ताटावरून उठलास तो उठलासच. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही आहे. गाडीवाल्याला पोरं आहेत म्हणून रस्त्यावरच्यांनी मरायचं का?

आता ९ जून. गावाबाहेरचा चढ, दोन्हीकडून कुंपणाची झुडपं अंगावर आलेली, पुढे वळण. तू मागून तुझ्या पावाच्या गाडीचा हॉर्न दाबलास, दाबूनच ठेवलास. सायकलपासून दीड मीटर सोडायचं असतं. तू वीतभर सोडलंस. तुझ्या आरशाने माझं उजवं कोपर उडवलं आणि मी डावीकडे कुंपणात गेले. ‘तीच मध्ये आली’ असं जबाबात लिहिलंयस म्हणे. चित्रणात मी गवतापासून फूटभर आहे, गेथिन. उलट्या बोंबा मारू नकोस.

हा झाला पहिला आरोप. त्यातून तू निभावशील. लायसन्सवर आधीचे सहा दंडगुण आहेत, त्यात तीनची भर. दुसरा आरोप तुला बुडवणार आहे. पाडून, न थांबता निघून गेलास, हा. तो लागला की दंडगुण बारा पार होतात, बारा झाले की लायसन्स जातं, त्याबरोबर पावाची गाडी जाते, आणि तुला दुसरं काहीच येत नाही हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. मी परत आलो होतो असं तू सगळ्यांना सांगत सुटलायस. कुणीही विश्वास ठेवत नाही, कारण माझ्या चित्रणात तू परत येत नाहीस.

तुला आमच्या सायकल क्लबचं हसू येतं, तरी वाच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी एक कागद देते. त्यावर लिहिलंय: पोलिसांना चित्रण पाठवताना घटनेच्या आधीची दोन मिनिटं आणि नंतरची दोन मिनिटं द्यायची, कात्री लावायची नाही, तुमची स्वतःची शिवी ऐकू येत असली तरी नाही. शिवीचं वाक्य मी घातलेलं आहे. तीन वर्षांत मी सतरा चित्रणं पाठवली, एकालाही कात्री लावली नाही.

अठरावं तुझं. ते मी पडते तिथे संपतं.

“नंतरची दोन मिनिटं?” कॉन्स्टेबल बाईंनी विचारलं. “पडल्यावर कॅमेरा बंद झाला,” मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सतरा वेळा खरं बोललेल्या बाईला कोण खोदून विचारणार?

कॅमेरा बंद झाला नव्हता. तू परत आला होतास. मी गवतात तोंड खुपसून पडले होते, दातांत माती, आणि तुझे बूट माझ्या नाकापाशी थांबले. तेव्हा तू काय म्हणालास ते आठवतं? “कॅमेरा चालू आहे का?” लागलं का, हे नाही. उठता येतंय का, हेही नाही. कॅमेरा! मी म्हटलं, “चालता हो इथून.” आणि तू आज्ञाधारकपणे चालता झालास. मला उचललं ते मेंढ्या घेऊन आलेल्या एका अनोळखी बाईने. दवाखान्याच्या खाटेवर मी ठरवून टाकलं की माझ्या लेखी तू परत आलाच नाहीस. पोलिसांनाही तेच सांगितलं. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, पण तुझ्याकडे बघून नाही, त्या क्लबच्या कागदाकडे बघून.

एवढ्यावर मी गप्पही बसले असते. पण कोर्टासाठी पोलिसांना कॅमेऱ्यातलं मूळ कार्ड हवं होतं. म्हणून काल दुपारी स्वयंपाकघरात कानाला हेडफोन लावून बसले. मी पडल्यापासून तुझे बूट येईपर्यंत चित्रात चाळीस सेकंद नुसतं गवत आहे. त्यात बघण्यासारखं काही नाही म्हणून मी ते कधी ऐकलंच नव्हतं. काल ऐकलं. करकचून ब्रेक. दार. धावती पावलं, लांबून. आणि तुझा आवाज: “नेस! नेस!”

नेस मला जगात फक्त तूच म्हणायचास. लहानपणी तळ्यात पाय टेकेनासे झाले की असाच ओरडायचास. मी हेडफोन काढून ठेवले आणि रडले, हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही.

मग चहा केला, आणि चहा पिताना डोकं ठिकाणावर आलं.

जॅकेट नवं होतं. सायकलही नवी, तू कधी न पाहिलेली. माझं तोंड गवतात. आरशात पाहून ओळखलं म्हणशील, तर त्या बाजूचा आरसा माझ्या कोपराने फुटला होता. आणि तू तर माझं नाव लांबूनच घेतलंस. मग तुला कधी कळलं, गेथिन, की ती मी आहे? हॉर्न दाबून धरला होतास तेव्हा?

आज सकाळी अख्खं कार्ड कॉन्स्टेबल बाईंना दिलं आणि माझा जबाब बदलला. त्यांनी पेन खाली ठेवलं. “मिसेस प्रिचर्ड, आता तुमची आधीची सतराही चित्रणं पुन्हा तपासावी लागतील.” म्हणजे डेवीचंही. सांग त्याला, बिअर पाजेल. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर काय करायचं ते नंतर कळवणार आहेत. क्लबची जबाबदारी मी दुपारीच सोडली.

तर तू परत आला होतास हे आता सगळ्यांना कळेल. त्या आरोपातून सुटशीलही. पण त्याच चाळीस सेकंदांत तू माझं नाव घेतलंयस, तेही सगळे ऐकतील. एक ठेवून दुसरं कापणं माझ्या हातात होतं. या वेळी कापलं नाही.

११ सप्टेंबरला कोर्टात तुला विचारतील की नाव कसं ठाऊक होतं. मला आधी सांगायला येऊ नकोस, मॅमकडून निरोपही नको. तिथेच सांग, शपथ घेऊन. मी पुढच्या बाकावर असेन, हेल्मेटशिवाय.

तू हाक मारलीस ती,
नेस