भरल्या पोटी

१२ जानेवारी

चि. ढब्बूस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळं ठीक, फक्त तुझ्या आतोबांची कंबर सोडून. पेंडीचं पोतं फाटकापासून गोठ्यापर्यंत पाठीवर आणताना मधेच वाकले, ते वाकलेच. डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली आहे. आता खुर्चीत बसून मला हुकूम सोडतात आणि मी ऐकत नाही म्हणून चिडतात. पोतं मी ओढत नेते, पण माझाही खांदा आता तरण्या बाईचा राहिलेला नाही.

डेअरीवर कुणी तुझी चौकशी केली की हे गंभीर चेहऱ्याने सांगतात की आमची भाची शिकत गेली, शिकत गेली, आणि शेवटी तिला शेण मोजायला ठेवलं. लोक हसतात. मी हसत नाही, पण घरी आल्यावर हसते.

तुला विचारायचं होतं ते असं. कुरणात गवत यंदा कमरेएवढं आहे. वाळायला लागलंय, पण भरपूर आहे. पेंड बंद केली तर नुसत्या चरण्यावर गाईंचं भागेल का? भुरी गाभण आहे, म्हणून धीर होत नाही. तुझ्या कॉम्प्युटरला हे कळत असेल तर विचारून बघ. आणि स्वतः जेवतेस का वेळेवर, तेही एकदा त्यालाच मोजायला सांग.

आठवण काढत जा, आम्ही काढतोच.
तुझी आत्या

२१ जानेवारी

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

आतोबांना सांग, शेण मोजणं हे फार वरच्या दर्जाचं काम आहे. मोकळ्या चरणाऱ्या गाईने किती खाल्लं हे तिच्या मागे ताटली घेऊन फिरून कळत नाही. म्हणून आम्ही तिला न पचणारी एक हिरवी पूड गोळीतून देतो. शेणात ती किती विरळ होऊन येते त्यावरून एकूण शेण किती पडलं ते समजतं. आमच्याकडे एक गाय आहे, तिच्या कुशीला शस्त्रक्रियेने केलेली, बुचाने बंद होणारी खिडकी आहे. तिला आम्ही खिडकीवालीच म्हणतो. त्या खिडकीतून गवताच्या बारीक जाळीच्या पिशव्या तिच्या पोटात सोडायच्या आणि ठरलेल्या वेळांनी काढून किती गवत विरघळलं ते वजन करून बघायचं. या सगळ्यातून मी एक मॉडेल बांधलं आहे. गवत किती, कसलं, गाय केवढी, एवढं सांगितलं की ती किती खाईल, किती पचवेल आणि तिला काय मिळेल हे ते सांगतं.

तुझं कुरण मी त्यात घातलं. गवताची जात आमच्या प्रयोगातलीच आहे, म्हणून काम सोपं झालं. उत्तर आलं की गाईंचं व्यवस्थित भागेल, भुरीचंसुद्धा. पेंड खुशाल बंद कर. तू गाईच्या डोळ्यांकडे बघून विरघळतेस, कॉम्प्युटर विरघळत नाही, एवढाच तुम्हा दोघांत फरक. आतोबांनी कंबर सांभाळावी आणि तू खांदा.

मी वेळेवर जेवते. निदान या पत्रात तरी.

तुमची माया अशीच राहू द्या.
ढब्बू

२५ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तू सांगितल्यावर दुसऱ्याच दिवसापासून पेंड बंद केली. आतोबा आता काठी न घेता फाटकापर्यंत जातात. डेअरीवर त्यांनी सूर बदलला आहे. शेण मोजणारी भाची आता कुरणं वाचणारी भाची झाली आहे. दोघातिघांनी आमचं बघून आपलीही पेंड कमी करायचा विचार बोलून दाखवला.

गाईंची पोटं ढोलासारखी गोल असतात, त्यामुळे मनाला बरं वाटतं. दूध मात्र उतरलंय. शेण घट्ट पडतं, अगदी थरावर थर. भुरी चरताना लवकर थांबते आणि नुसती उभी राहते. पाठीचा कणा जरा वर आल्यासारखा वाटतो, पण माझा चष्माही बदलायला झालाय. उन्हाचं असेल. तुला काय वाटतं ते कळव.

तुझ्या मार्गदर्शक सरांची आणि त्या खिडकीवालीचीही खुशाली कळव.

तुझीच,
आत्या

६ मार्च

ती. आत्या,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. पुढच्या महिन्याच्या शेवटी मोठी बैठक आहे. दूध संघाची माणसं, जनावरांचे डॉक्टर, बाहेरचे तज्ज्ञ, सगळे येणार आहेत. आमचं मॉडेल मान्य झालं तर तेच वापरून सगळ्यांना चाऱ्याचा सल्ला दिला जाईल. आणि ऐक, त्यात प्रत्यक्षातलं उदाहरण म्हणून मी तुझं कुरण घातलं आहे. नाव नाही, पण कुरण तुझंच.

भुरीची काळजी करू नकोस. गोल पोट म्हणजे गाय खाते आहे, यात दुसरा अर्थ कसा निघेल? दूध या दिवसांत थोडं उतरतंच. कृपा करून मधेच पेंड सुरू करू नकोस. तसं केलंस तर माझं उदाहरण बिघडेल आणि इतकी चांगली तुलना मला पुन्हा मिळणार नाही. थोडे दिवस तुझं विरघळणं आवर.

आतोबांना नमस्कार. बैठक झाली की निवांत येते.

तुझी,
ढब्बू

२८ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. आम्ही दोघं मजेत आहोत. गाई बऱ्या आहेत. पेंड सुरू केलेली नाही. तू बैठकीची तयारी नीट कर, इकडची चिंता करू नकोस.

आत्या

११ एप्रिल

चि. ढब्बू,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आत्याला न सांगता लिहितो आहे. मी तुला पत्र लिहीत नाही, ते तिचं खातं, हे तुला माहीत आहे. म्हणूनच हे वाचताना नीट बसून वाच.

परवा भुरी कुरणात बसली ती उठलीच नाही. त्याच संध्याकाळी दिवस भरायच्या आत व्याली आणि वासरू मेलेलंच आलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. पोट एवढं फुगलेलं, आणि वर कणा असा की हाडन् हाड बोटाला लागत होतं. त्यांनी काय खायला घालता म्हणून विचारलं. तुझ्या आत्याने सांगितलं की पेंड बंद करायची कल्पना तिचीच होती. डेअरीची चार माणसं उभी होती. डॉक्टर तिला नको तेवढं बोलले, की इतकी वर्षं गाई पाळून एवढंही दिसलं नाही का, की गाभण जनावर उपाशी मारायला निघालात. ती मान खाली घालून ऐकत होती. मी तोंड उघडलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. घरी आल्यावर मला बजावलं की ढब्बूला यातलं एक अक्षर कळता कामा नये.

बाकीच्या गाईंना पेंड सुरू केली आहे. भुरी अजून आडवीच आहे. तिचं काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत.

मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. पण तू चार लोकांपुढे उभी राहून आमचं कुरण दाखवणार आहेस आणि ते लोक मग आपापल्या गाईंना तसंच करणार आहेत. बायकोचं ऐकून एवढ्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

तुझं बरं व्हावं, हीच इच्छा.
आतोबा

३ मे

ती. आत्या आणि ती. आतोबांस,
सा. न. वि. वि.

आतोबा, तुमचं पत्र आत्यापासून लपवायला हवं होतं, पण मला आता काहीच लपवायचं नाही. आत्या, त्यांच्यावर रागावू नकोस.

इतके दिवस मी पत्र लिहिलं नाही. रोज कागद घ्यायची आणि 'ती. आत्या' एवढं लिहून ठेवून द्यायची. तुला तोंड दाखवायची लाज वाटते हे तर आहेच, पण कागदावरसुद्धा तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती.

चूक कुठे झाली ते सांगते. गाय गवत एकटी पचवत नाही. तिच्या पोटात कोट्यवधी जिवाणू असतात, ते गवत कुजवतात तेव्हा तिला ते मिळतं. त्या जिवाणूंनाही प्रथिनं लागतात. हिरव्या गवतात ती असतात. वाळून काडी झालेल्या गवतात जवळजवळ नसतात. ती नसली की जिवाणू मंदावतात, गवत पोटात तसंच पडून राहतं, आणि जागाच नसल्यामुळे गाय आणखी खाऊ शकत नाही. तुझी पेंड गाईपेक्षा त्या जिवाणूंसाठी होती. मी ती जादा चारा म्हणून मोजली आणि वजा केली. माझे सगळे प्रयोग हिरव्या दिवसांतले होते. पचनाचा वेग मी त्यावरून ठरवला आणि बाराही महिन्यांना तोच लावून टाकला. सरांनी त्या ओळीशी प्रश्नचिन्ह केलं होतं. नंतर बघते, असं मी त्यांना म्हटलं होतं.

आतोबांचं पत्र आल्यावर खिडकीवालीला काही दिवस नुसत्या वाळलेल्या गवतावर ठेवलं. मग आत हात घातला. गवत गादीसारखं घट्ट बसलं होतं. जाळीच्या पिशव्या आत सोडल्या होत्या तशाच बाहेर आल्या. तिची पेंड लगेच सुरू केली. तुझी भुरी किती दिवस तशी उभी होती, आणि तू मला कणा, दूध, शेण, सगळं लिहून कळवलं होतंस. मी तुला माझं उदाहरण बिघडवू नकोस म्हणून लिहिलं. ते वाक्य मी लिहिलं आहे, हे मला अजून खरं वाटत नाही.

याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. हे सगळं कळल्यावरही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की तुझं कुरण तेवढं गाळावं आणि बाकीचं मॉडेल तसंच मांडावं. कुणाला कळलं नसतं. दोन दिवस मी तशीच तयारी करत होते. मग डेअरीवरच्या ज्या माणसांनी तुमचं बघून पेंड कमी करायचं बोलून दाखवलं, त्यांच्या गाभण गाई डोळ्यांपुढे येऊ लागल्या. सरांकडे गेले आणि सांगितलं. ते म्हणाले की प्रश्नचिन्ह करून गप्प बसणं ही त्यांचीही चूकच होती.

बैठकीत मी उभी राहिले आणि मॉडेल वाळलेल्या गवताला लागू पडत नाही, ते वापरू नका, असं सांगितलं. उदाहरण तुझ्याच कुरणाचं दिलं. पेंड बंद करायचा सल्ला माझा होता, आत्याचा नव्हता, हेही सांगितलं. ते तुमच्या डॉक्टरांना वेगळं पत्र लिहून कळवलं आहे. मला वाटलं, आता आकड्यांवर तुटून पडतील. मागच्या रांगेतल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी हात वर केला आणि एवढंच विचारलं, "गाय जगली का?"

आत्या, मला माहीत नव्हतं. जिवाणूंचं, वेगाचं, चुकीचं सगळं मी शोधून काढलं होतं, आणि भुरी उठली की नाही हे विचारायला एक ओळ मी घरी लिहिली नव्हती. तशीच खाली बसले.

आता विचारते. भुरीचं काय झालं?

काही मागायचा हक्क उरला नाही, तरीही उत्तराची वाट बघते.
तुमची,
ढब्बू

१० मे

चि. ढब्बूस,
आत्याचे आशीर्वाद, नेहमीएवढेच.

जगली. पेंड आणि गुळाचं पाणी पोटात गेल्यावर हळूहळू मान धरायला लागली. आतोबांनी कमरेला पट्टा बांधून, चार माणसं बोलावून तिला दोरांनी उभी केली, पडली, पुन्हा केली. आता आपली आपण उठते. दूध नाही. वासरू जिथे पडलं होतं तिथे जाऊन हुंगत राहते. तू विचारलंस म्हणून सगळं लिहिलं, लपवून एकदा पाहिलं आहे.

डॉक्टर तुझं पत्र घेऊन घरी आले होते. चारचौघांत बोलले होते म्हणून चारचौघांत माफी मागायची म्हणत होते. मी नको म्हटलं. कारण ते बोलले त्यातलं निम्मं खरं होतं. रोज दूध काढताना डोकं भुरीच्या कुशीला टेकतं माझं. तिची बरगडी मला कपाळाला लागत होती. चष्म्याचा काही दोष नव्हता. अठ्ठावीस मार्चला 'गाई बऱ्या आहेत' असं लिहिताना ती मला खिडकीतून समोर दिसत होती. तू चुकू नयेस असं मला इतकं वाटत होतं की मुक्या जनावराचे हाल मी चालू दिले. तू तरी लांब होतीस. मी तिथेच होते. डॉक्टरांपुढे मान खाली घातली ती तुला वाचवायला, असं तुझ्या आतोबांना वाटतं. मान माझ्यासाठीच खाली गेली होती.

तर आता तू लिहितेस की तोंड कसं दाखवू. मग मी कसं दाखवायचं ते सांग. तुझ्या त्या जाळीच्या पिशव्या, पुड्या, वजनकाटा, जे काय असेल ते घेऊन ये. वाळलेलं गवत इथे हवं तेवढं आहे, आणि शेण तर आतोबा स्वतः मोजून देतो म्हणतात. पेंड मात्र कुठल्याही तुलनेसाठी बंद होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

यायची लाज वाटत असेल तर ती घेऊनच ये. माझी इथे बसलेलीच आहे, दोघींना सोबत होईल.

तुझीच,
आत्या