आईला मिळालेली बाटली

प्रिय नोलीनताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. टपालाला चार दिवस लागतात, म्हणून हे ईमेलनं. तुझा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याचं मागच्या खेपेला विचारलं होतं.) इकडे मेंढ्या आणि मी ठीक.

माझ्या लेकीला, आपल्या ब्रायरला, एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या, म्हणून तिला ऑकलंडला दाखल केलंय. बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत यासाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं द्यायची, चोवीस तासांच्या अंतरानं. ब्रायर अडून बसली. "बाळ जगेल रे बाबा, पण पन्नाशीत त्याचं काय होईल?" मी म्हटलं, पन्नाशीतलं बाळ तुझ्यासमोर उभं आहे. माझ्या वेळी आई याच औषधाच्या पहिल्या चाचणीत होती, हे ताई, तुला ठाऊकच आहे. (औषध आधी मेंढ्यांवर करून पाहिलं होतं, हे मी तिथल्या डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांना माहीत होतं.) माझा रक्तदाब, माझी स्मरणशक्ती, शाळा सोडून स्वतःच्या बळावर शिकलेलं कोकरांचं शास्त्र, सगळी त्या इंजेक्शनांची कृपा, असं मी लग्नापासून बायकोला ऐकवत आलोय.

पण अर्धवट पुरावा मला चालत नाही. त्या चाचणीत निम्म्या बायकांना औषध आणि निम्म्यांना नुसतं नावापुरतं काहीतरी दिलं होतं, आणि कोणाला काय, हे टोचणाऱ्यालाही माहीत नसायचं. म्हणून त्या चाचणीतल्या बाळांची आता पन्नाशीत तपासणी करणाऱ्या बाईंना फोन लावला, आईला कोणती बाटली मिळाली? त्यांनी यादी पाहिली. "लिंडसे, तुम्ही नावापुरत्यांतले."

तोंड पाडून डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. "मग चांगलंच की. दोन्ही गटांतले शेकडो लोक पन्नाशीत तपासले. हृदय, साखर, रक्तदाब, कुठंच फरक सापडला नाही. तुम्ही वेगळे नाही, हाच आमचा पुरावा." माझं असं कौतुक आजवर कोणी केलेलं नाही. मी विचारलं, इंजेक्शन घेतलं आणि बाळ पूर्ण दिवसांनीच आलं, तर? त्या हसायच्या थांबल्या. "ते अजून नीट कळलेलं नाही. म्हणून सरसकट देत नाही आम्ही." या उत्तरानं मात्र मला त्यांचा भरवसा वाटला.

तुझा,
लिंडसे

ता. क. ब्रायरनं पहिलं इंजेक्शन काल चार वाजून दहा मिनिटांनी घेतलं, माझ्याकडे टक लावून बघत. बाटलीचं तिला अजून सांगितलेलं नाही. दुसरं आज त्याच वेळी आहे. त्याआधी तू फोन करून सांगशील का? मोठ्यांनी सांगितलेलं बरं असतं.

पुन्हा ता. क. फोन करू नकोस. हे पाठवायच्या आत मीच सांगून टाकलं. ती म्हणाली, "बाबा, मी डॉक्टरांचे आकडे ऐकून हो म्हटलं. तुझ्याकडे बघत होते, कारण सुईकडे बघवत नव्हतं."