रेघांचा कैवारी आणि देल्मीची तोंडी परीक्षा

४ मार्च, सोमवार
ओलोतकरांनो! आपल्या कॅटलान शब्दांतल्या स्वरांच्या डोक्यावरच्या तिरप्या रेघा तुम्हाला-मला न विचारता पुसून टाकल्या! कालपर्यंत आपण अस्वल ‘ós’ असं रेघ देऊन लिहीत होतो आणि हाड ‘os’ असं बिनरेघेचं. आज नव्या नियमांनी दोघांचं स्पेलिंग एकच. हे सहन करायचं?
(भाषणाची सुरुवात हीच. ‘सहन’वर मूठ आपटणे.)
रेघ बचाव समिती आज स्थापन झाली. अध्यक्ष मी. सदस्य रोसेर. तिला अजून कळवलेलं नाही. बायको आहे, नाही म्हणणार नाही.
नुसती भाषणं करून भागणार नाही. कॅटलान शिकणाऱ्यांशी गप्पा मारायला नगरपालिका जोडीदार नेमते, तिथेही नाव दिलं. आठवड्यातून एक तास, फक्त कॅटलानमध्ये बोलायचं. माझ्यासारख्याला यात अवघड काय?

६ मार्च, बुधवार
जोडीदारीण मिळाली. देल्मी, होंडुरासची, मातृभाषा स्पॅनिश. एका म्हाताऱ्या बाईंची घरी राहून देखभाल करते. वृद्धाश्रमात कायमची नोकरी तयार आहे, पण त्यासाठी मेमधली कॅटलानची परीक्षा पास व्हायला हवी, लेखी आणि तोंडी. नोकरी लागली तर मुलीला इकडे आणता येईल, सप्टेंबरात शाळेत घालता येईल. मुलगी नऊ वर्षांची. तीन वर्षं मावशीकडे आहे.
मी तिला शब्द दिला. म्हणालो, तू माझ्यावर सोड.

१३ मार्च, बुधवार
उघडा स्वर आणि मिटलेला स्वर समजावला. रेघ डावीकडे झुकली तर तोंड मोठं, उजवीकडे झुकली तर लहान. दोन्ही तोंडं करून दाखवली. कॅफेतले लोक वळून बघत होते. देल्मीने सगळं उतरवून घेतलं. ती फारसं बोलली नाही. भारावली असावी.

२० मार्च, बुधवार
रोसेर बाजारातून येताना कॅफेत शिरली आणि शेजारच्या टेबलावर बसली. घरी आल्यावर म्हणाली, “तासभर कॅटलानची थोरवी गात होतास. सगळी स्पॅनिशमध्ये.”
मी म्हणालो, शक्यच नाही.
“‘भाषा हा आपला श्वास आहे’ हेसुद्धा स्पॅनिशमध्येच म्हणालास. हात वर करून.”
विचार केला. एखादं वाक्य निसटलं असेल. समोरचा माणूस बाहेरचा वाटला की आपल्या गावात सगळ्यांचीच जीभ स्पॅनिशकडे वळते. मी वळवत नाही, ती वळते. आपण सभ्य लोक आहोत.
तरी जेवण गेलं नाही. पावावर टोमॅटो चोळून तसाच ठेवला.

२७ मार्च, बुधवार
ठराव: आज स्पॅनिशचा एक शब्दही नाही.
देल्मी आली ती कॅटलानमध्येच बोलत. पावसाबद्दल काहीतरी. क्रियापदाशी अडखळली, कपाळावर घाम आला. मला बघवेना. म्हणालो, बस, दमली असशील. हे स्पॅनिशमध्ये म्हणालो, पण ती माणुसकी होती, ती धरत नाहीत.
पुढचा सगळा तास माणुसकीतच गेला.

१० एप्रिल, बुधवार
देल्मीने आज भीतभीत विचारलं, की माझं कॅटलान कानाला फार वाईट लागतं का? म्हणून तुम्ही बदलता का?
मी म्हणालो, छे छे, उत्तम आहे.
कुठल्या भाषेत म्हणालो ते इथे लिहीत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार, सांत जोर्दी
आज मोठा दिवस, एकमेकांना गुलाब आणि पुस्तकं द्यायचा सण. ‘फिराल’ नावाच्या रस्त्यावर गुलाबांचे आणि पुस्तकांचे स्टॉल, मधोमध आमच्या समितीचं सह्या गोळा करायचं टेबल. माईक मिळाला. मी बोललो आणि काय बोललो! ‘आपली भाषा आपणच बोललो नाही तर कोण बोलणार?’ टाळ्या.
तेवढ्यात देल्मी गर्दीतून पुढे आली. सगळ्यांसमोर, स्वच्छ कॅटलानमध्ये विचारलं, “सेन्योर एउदाल्द, सही कुठे करू?”
मी उत्तर दिलं. माईक चालू होता. उत्तर स्पॅनिशमध्ये होतं.
मग गुलाबवाला किम ओरडला, “अध्यक्षमहाराज, रेघा वाचवताय ते ठीक, पण खालची अक्षरं कुठे सांडली?”
अख्खा रस्ता हसला. रोसेरही. देल्मी हसली नाही. ती खाली बघून सही करत होती. कान लाल झालेले. माझी चूक, आणि लाज तिला वाटत होती.

२४ एप्रिल, बुधवार
आज गेलो नाही. घसा बसलाय असा निरोप पाठवला. घसा ठणठणीत आहे.

८ मे, बुधवार
परीक्षेआधीची शेवटची भेट. ठरवलं होतं की तिला बोलू द्यायचं. पण नव्या नियमांत नेमक्या किती रेघा उरल्या हे तिला माहीत असायला नको? सांगता सांगता तास संपला. निघताना म्हणाली, “तोंडी परीक्षेची भीती वाटते.” मी म्हणालो, लेखी पक्की आहे ना, मग झालं.

१२ जून, बुधवार
निकाल. लेखीत उत्तम, एकही रेघ चुकली नाही. तोंडीत नापास. सगळं कळतं, पण बोलताना पुन्हा पुन्हा स्पॅनिशकडे वळते, असा शेरा.
रोसेरला म्हणालो, परीक्षक कडक असणार.
ती म्हणाली, “परीक्षकाला तीन महिने दिले नव्हते. तुला दिले होते.” आणि भांडी घासायला लागली.
वृद्धाश्रमातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. मुलगी सप्टेंबरात येत नाही.

१४ जून, शुक्रवार
देल्मीकडे गेलो. माफीचं वाक्य घोकून गेलो होतो, जिन्यातही म्हणून पाहिलं. दार उघडलं. तिने कॅटलानमध्ये “या” म्हटलं. मी तोंड उघडलं आणि माफी स्पॅनिशमध्ये बाहेर पडली. अख्खी.
ती मग सावकाश, एकेक शब्द जुळवत, कॅटलानमध्येच म्हणाली, “पुढची परीक्षा नोव्हेंबरात आहे. मुलीला मी नाताळात आणेन म्हणून सांगितलंय. दुसरा जोडीदार मागितला तर पुन्हा रांग. तुम्ही बुधवारी या. पण मी बोलेन. तुम्ही फक्त ऐकायचं. जमेल?”
मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तिने बोट वर केलं. मी मान हलवली.
घरी येऊन रोसेरला सांगितलं. म्हणाली, “तुला? तासभर? गप्प?”
ठराव: एउदाल्द, सह्या, सभा, माईक सगळं राहू दे. येत्या बुधवारी कॅफेत जा, देल्मीसमोर बस आणि ती उठेपर्यंत तोंड बंद ठेव.