बँकॉकच्या वेळापत्रकाबाबत जावईबापूंस

आष्टी,
रविवार, दुपार

आदरणीय जावईबापू संजयराव यांस,

बन्सी आणि तुमच्या सासूबाई सिंधुबाई या दोघांचा सप्रेम जय भीम. इकडे सर्व ठीक आहे. तुमची पाठदुखी कशी आहे? अंजलीचा खोकला गेला का? तुमची यशू आजोळी मजेत आहे. (आत्ता ती माझ्या पाठीवर बसली आहे, म्हणून अक्षर वाकडं येतंय.) जावयाला रागावून लिहू नये हे मला कळतं. म्हणून पत्राच्या शेवटापर्यंत मी तुम्हाला अहो-जाहोच करणार आहे. तेवढा मान सोडला, तर बाकी सगळा राग समजावा.

तुम्ही फोनवर बँकॉकच्या सहलीचं वेळापत्रक पाठवलंत. बारीक अक्षर दिसेना म्हणून मी ते झेरॉक्सवाल्या आश्रुबाकडून कागदावर काढून घेतलं. ते आश्रुबानं वाचलं, त्याच्या गिऱ्हाइकांनी वाचलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या आष्टीला कळलं की बन्सीचा जावई साडेचार वर्षांच्या लेकराला घेऊन चार दिवसांत सव्वीस ठिकाणं पाहणार आहे. शेजारच्या शहादेवनं मला पारावर गाठून विचारलं, "बन्सी, जावई गाव बघाया चाललाय का मोजाया?" तेव्हा मी तुमची बाजू घेतली. आता घेणार नाही.

मी तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी केली. उसाच्या ट्रॅक्टरलासुद्धा आम्ही काट्यावर दम खाऊ द्यायचो. तुमच्या कागदावर सकाळी साडेसातला नाश्ता, आठ दहाला नदीतली होडी, नऊ पंचवीसला राजवाडा, आणि असं करत रात्रीच्या बाजारापर्यंत माणूस नुसता धावतोय. यशूची दुपारची झोप त्यात कुठेच नाही. शी तर नाहीच नाही. (यशू आधी एक पूर्ण गाणं म्हणते आणि मगच बसते. तुम्ही बाप आहात, हे मी सांगायला नको होतं.)

त्यावर तुमचा निरोप, की ती महिनाभर तुमच्याकडे आहे तर तिला जरा तयार करा. चार तास खुर्चीत बसायची, वेगळं जेवायची आणि सरकत्या जिन्याची सवय लावा. मी आज्ञाधारक माणूस. खुर्चीला माझा कमरेचा पट्टा बांधून तिला बसवलं. दहा मिनिटांत ती उठून विमानातली बाई झाली आणि पट्ट्यात मी होतो. तिनं मला तीनदा पाणी पाजलं आणि विमान उतरेपर्यंत उठू दिलं नाही. माझ्या पायांना मुंग्या आल्या, पण विमान काही उतरेना. जेवणाचं म्हणाल, तर सिंधुबाईनं पाकिटातल्या नूडल्स शिजवून दिल्या. तेव्हापासून ती भाकरीला हात लावत नाही.

मग परवा तिला सरकता जिना दाखवायला नगरला कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात नेलं. जिन्यापाशी मी तिचं बोट धरून उभा राहिलो आणि कोणत्या पायरीवर पाय टाकावा याचा अंदाज घेऊ लागलो. पायऱ्या काही थांबत नव्हत्या. माझा अंदाज चालू असताना यशूनं बोट सोडवून घेतलं आणि ती उभ्या उभ्या वर निघून गेली. एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मी खालीच. संजयराव, माझा हात तसाच पुढे धरलेला होता आणि त्यात बोट नव्हतं. साधा जिना मागच्या बाजूला आहे असं कुणीतरी सांगितलं. मी धावलो, साड्यांच्या मांडणीत वाट चुकलो, एका पुतळ्याला हात जोडून रस्ता विचारला. वर पोचेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली असतील. त्या वेळात मी तुम्हाला आणि अंजलीला काय तोंड दाखवायचं याचा सगळा विचार करून टाकला होता.

यशू वॉचमनच्या स्टुलावर बसली होती आणि त्याला समजावत होती, "माजे आजोबा हरवलेत. ते खाली हायेत. लई भितात." (महिनाभरात बोली आमची झाली आहे.) मी तिला उचललं ते थेट एसटीत बसेपर्यंत खाली ठेवलं नाही. घरी आल्यावर दोन घास गेले नाहीत.

तेव्हा राग का आला ते आता कळलं असेल. एकच सरकता जिना असलेल्या दुकानात लेकरू हातचं गेलं. तुम्ही दोघं, हातात दोन फोन, समोर परकी भाषा आणि सव्वीस ठिकाणं. एकानं फोटो काढायचा आणि दुसऱ्यानं वाट शोधायची, मग तिचं बोट कोण धरणार? सव्वीसमधली पाच ठेवा. रोज दुपारी तिला खोलीवर आणून झोपवा. आणि निजलेल्या बुद्धांच्या त्या शेहेचाळीस मीटर लांब मूर्तीला तुम्ही वीस मिनिटं दिलीत आणि कपड्यांच्या बाजाराला चार तास, हे सिंधुबाईला मी अजून वाचून दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. तुम्हीच दुरुस्त करा.

जास्त लिहिलं असेल तर ते लिहायचंच होतं असं समजा. अंजलीला आशीर्वाद.

तुमचा,
बन्सी

ता. क. आमच्या दोघांचे पासपोर्ट मागच्या महिन्यात आले, हे सहज कळवतो. यशूचं बोट धरायला दोन माणसं जास्त असली तर बरंच. मला स्वतःला तिकडे काही काम नाही, पण सिंधुबाईला एकटीला पाठवणं बरं दिसत नाही.

ता. क. दुसरा, सिंधुबाईच्या हातचा. जावईबापू, पासपोर्टाचं समदं ह्यांनीच केलं. मला सही करायच्या दिवशी कळलं. बुधवारी नवी बॅग बी आणलीया, कपडे भरून पलंगाखाली ठिवलीया, मला दिसत न्हाई असं वाटतंय त्यांना. तुमचं जमत नसलं तर ह्यांना फोनवर सांगू नका. मला सांगा. मी सांगते दमादमानं.