आभाळातला दगड आणि माझ्या वाट्याचे वावर

मी, कुंदा अभिमन बोरसे, वय २२, बी.एस्सी. (संख्याशास्त्र), राहणार सोनगीर, जि. धुळे, डोके ठिकाणावर असताना आणि घरातल्यांचा धाक असूनही, हे मृत्युपत्र लिहिते.

कारण असे. उद्यापासून गुरू ग्रहावर धूमकेतूचे तुकडे आदळणार आहेत. त्यातला एखादा वाट चुकून इकडे येईल, अशी गावात बोलवा आहे. रूपचंदकाकांनी तर सणासाठी पाळलेला बोकड आधीच खाऊन टाकला. त्याच आठवड्यात माझे बंधू पंडितभाऊ हक्कसोडपत्र टाइप करून घेऊन आले. नव्या कायद्याने २२ जूनपासून अविवाहित मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे. तो मी लग्नाआधीच सोडून द्यावा म्हणून. मी नाही म्हणाले.

वडील, म्हणजे आबा, कडाडले, "पोर वाटा मांगी तं आभायमाईन धोंडा पडी!"

पंडितभाऊ म्हणाले, "पडू द्या आबा. मंग वावरच नही राही, वाटा कसाना?"

धोंडा पडण्याची शक्यता किती, हा प्रश्न माझ्या विषयातला असल्याने उत्तर येथे नोंदवते. डोंगराएवढा दगड पृथ्वीवर सुमारे दहा कोटी वर्षांतून एकदा पडतो. विमान कोसळून मरण्याचा धोका आमच्या घरापुरता शून्य धरावा. एसटीपलीकडे कोणी बसलेले नाही. वीज माझ्या हयातीत गावात दोनदा पडली: एकदा चिंचेवर, एकदा चुडामणनानांच्या नव्या अँटेनावर. सापाचे विचारू नये. मग तलाठ्यांकडे बसून गावच्या सातबाऱ्यांवर बायकांची नावे शोधली. विधवा सापडल्या, भाऊ असलेली मुलगी एकही नाही. दगड निदान लोणारला एकदा पडलेला आहे.

१. कायद्याने माझ्या वाट्याला येईल ती जमीन, विहिरीच्या पाण्यासह, थोरली बहीण सुंदरबाई हिला मिळावी. तिचे लग्न चार वर्षांपूर्वी झाले, म्हणून कायद्याने तिला मोजले नाही. ही चूक मी माझ्यापुरती दुरुस्त करते.

२. कॅल्क्युलेटर पंडितभाऊंना. तीन मुलांच्या घरात एकानेच भागायची त्यांना सवय आहे.

३. सायकल आबांना परत. भाऊबंद हसत असताना ती त्यांनीच मला कॉलेजसाठी घेऊन दिली होती. त्या आबांच्या भरवशावरच मी या आबांशी भांडते आहे.

४. हक्कसोडपत्रावर मी सही केलेली नाही. सोमवारी नोंदणीसाठी धुळ्याला नेले तरी करणार नाही. यावरून लग्नाची बोलणी मोडली, तर मोडू द्यावीत.

५. दगड खरोखर पडल्यास हे मृत्युपत्र रद्द समजावे. तेवढ्यापुरते पंडितभाऊ बरोबर आहेत.

सोनगीर, दि. १५ जुलै १९९४
(सही) कुंदा अभिमन बोरसे

साक्षीदार:

१. (सही) शालिग्राम जीवराम माळी, निवृत्त पोस्टमन.

२. धुरपदाबाई अभिमन बोरसे, माझी आई. हिने मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "मी मना भाऊसले आंगठा दिन्हा, तवय माले कोणी वाचीसन नही दखाडं." मग शाईचा डबा स्वतःच पुढे ओढला.
(डाव्या हाताचा अंगठा)