समुद्रफूल उघडं राहावं म्हणून

शनिवार, २४ ऑक्टोबर १९६४

समुद्रफूल घरी आणलं – नाव फुलाचं, पण आहे समुद्रातला जिवंत प्राणी. कॉलेजपासून आमच्या पाटीपुऱ्याच्या वस्तीपर्यंत सायकलरिक्षात, बरणी मांडीवर – पाणी सांडू दिलं नाही. दाणी सरांनी रत्नागिरीच्या सहलीतून पाच आणली होती, चार मेली. सुट्टीत प्रयोगशाळा बंद, म्हणून उरलेलं हे माझ्याकडे. सर म्हणाले, "हे नीट सांभाळलंत तर जूनमध्ये मदतनीसाच्या जागेसाठी तुमचं नाव देतो." आमच्या घरात शाळेत गेलेली मीच पहिली. नोकरी लागली तर काय काय होईल ते लिहीत नाही.

पाणी उडून खाली गेलं की बरणीवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचं. खारेपणा बदलता कामा नये. रोज लोट्यानं वरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते.

शेजारच्या मानीबाई पाहून गेल्या. "शिजवून खाता येते का?" नाही म्हटलं. "मंग कायले पाळून राह्यली?"

सोमवार, २६

खारेपणा मोजायची काचनळी कॉलेजात, कुलपात राहिली. मीच विसरले. मग अंड्यावर मोजायचं ठरवलं – पाणी जितकं खारं तितकं अंडं वर तरंगतं. दोन ताजी अंडी बुडाली. टोपल्यात मागे राहिलेलं तिसरं अधेलीच्या नाण्याएवढं पाण्यावर राहिलं. पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीनं खूण केली.

गुरुवार, २९

अंड्यावरची खूण पाण्याच्या वर आली. खारेपणा वाढला म्हणायचा. लोटाभर पाणी काढलं, गोडं घातलं. काढलेलं मडक्यात ठेवलं, फेकवेना.

रविवार, १ नोव्हेंबर

अंडं आणखी वर. आणखी दोन लोटे बदलले. समुद्रफूल मिटलं – सुपारीएवढं झालंय.

मंगळवार, ३

माशाचा तुकडा दिला, घेतला नाही. पाण्याला वास येऊ नये म्हणून चिमट्यानं काढून टाकला. हे मेलं तर सर बोलणार नाहीत. पण प्राध्यापकांच्या खोलीत कोणीतरी म्हणेलच – असल्या वस्तीत, पाटीपुऱ्यात, द्यायलाच नको होतं.

बुधवार, ४

मायनं विचारलं, "रोज तेच अंडं काहून बुडवतं?" सांगितलं. ती हातातलं पीठ तसंच ठेवून हसली. "अवं पोरी, अंडं शिळं झालं का वर येतेच. बाजारात घेताना मग काय पाह्यते मानूस? कॉलेजात हे नाही शिकवलं तुले?"

म्हणजे पाणी खारं झालंच नव्हतं. अंडं रोज हलकं होत होतं आणि मी रोज पाणी पातळ करत होते.

मडक्यातलं पाणी थोडं थोडं परत घालते आहे, तेवढंच बरणीतलं काढून. एकदम नाही.

गुरुवार, ५

सरांच्या नोंदवहीत ही चूक लिहायची की नाही? दिवसभर ठरेना. संध्याकाळी लिहिली. शाईनं.

रविवार, ८

उघडलं! माशाचा तुकडाही घेतला. मायला हाक मारली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "आता तू बी जेव."

शनिवार, २१

सर गावाहून आले ते थेट घरी. आमच्याकडे चहा घेतला. नोंदवही वाचली, अंड्याच्या पानावर थांबले, पण हसले नाहीत. "जागेचं झालंच समजा."

मग सरांनी बरणीत बोट घातलं तर समुद्रफूल मिटलं. मी घातलं तेव्हा मिटलं नाही. सर खूश झाले. "सोमवारी अकराला घेऊन या. संग्रहासाठी पूर्ण उघडा नमुना हवाच होता मला. बधिर करायचं औषध थेंबथेंब घालायचं, मग फॉर्मॅलिन, म्हणजे मेल्यावरही असंच उघडं राहतं. तुम्हीच घाला, तुमच्या हाताला ते आखडत नाही."

मी हो म्हटलं.

सोमवार, २३

कॉलेजात गेले नाही. बाबांना डोकं दुखतं म्हणून सांगितलं. दुखत नव्हतं. कापसाच्या जिनाचा बाराचा भोंगा झाला तेव्हा बरणीत समुद्रफूल पूर्ण उघडं होतं.